चार बोटांचं अंतर

माझी बॅटरी वॉर्डात बदनाम होती. पितळेची, जड, आणि तिचा खटका इतका कडक की इकडे दाबला की शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा मान वळवायचा. नव्या मुली पेनासारख्या बारीक बॅटऱ्या खिशाला लावतात. त्या आवाज करत नाहीत आणि आठवड्याला एक हरवते, कारण डॉक्टर लोक मागून घेतात आणि स्वतःच्या खिशात घालून चालू लागतात. माझी बॅटरी न्यायची कुणाची छाती नव्हती. एकोणतीस वर्षं मी डोळ्यांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यातली सव्वीस हिच्याबरोबर गेली. तिचा मला गर्व होता. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात तिचा वाटा आहे आणि माझाही.

दिवेवाले काका दाखल झाले तेव्हा वॉर्डात एकच खाट रिकामी होती, खिडकीजवळची. नाटकाच्या थिएटरात दिवे चालवायचं काम, बत्तीस वर्षं तेच. वय माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी जास्त असेल, पण वॉर्डात शिरला की पुरुष आपोआप काका होतो, त्याला इलाज नाही. उजवा डोळा डाव्यापेक्षा पुढे आलेला होता, मोजपट्टीवर चांगला सहा मिलिमीटर. बरोबर त्यांची बायको होती. ती त्याच थिएटरात तिकिटाच्या खिडकीवर बसायची आणि तिचा आवाजही खिडकीतून बोलण्याचाच होता.

"सहा महिने मी यांच्याशी भांडतेय," ती मला म्हणाली. "म्हटलं, जेवताना माझ्याकडे डोळा वटारून का बघता? हे म्हणायचे, नाही गं. मला वाटायचं खोटं बोलतात. आणि गाठ निघाली हो! फुकट भांडले मी."

"फुकट कसं?" काका म्हणाले. "बाकीची भांडणं होतीच की त्यात."

गाठ डोळ्याच्या मागे होती, खोबणीत. कॅन्सर नव्हता, रक्तवाहिन्यांचा साधा गुंता होता, द्राक्षाएवढा. पण तो बसला होता नेमका नजरेच्या नसेला टेकून. ही नस पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची असते. आईचा चेहरा, रस्ता, अक्षरं, आभाळ, माणसाला जन्मभर जे दिसतं ते सगळं तेवढ्याशा दोरीतून आत जातं. इतकी वर्षं झाली तरी हे मनात आलं की मी अजून हातातलं काम थांबवते. काकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. डावा डोळा लहानपणापासून आळशी. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एक अक्षर त्याला दिसायचं, तेही अंदाजाने. म्हणजे त्यांचं सगळं बघणं उजव्यावर होतं.

सर्जनबाईंनी काही लपवलं नाही. त्यांचा स्वभावच तसा, स्टूल ओढायचं, पेशंटच्या समोर बसायचं आणि सरळ सांगायचं.

"गाठ राहू दिली तर?" काकांनी विचारलं.

"वर्षाभरात नजर जाईल. हळूहळू."

"आणि काढली तर?"

"बहुतेक राहील. पण नसेला हिसका बसला, किंवा नंतर आत रक्त साचून ती दाबली गेली, तर एका दिवसात जाऊ शकते."

काका म्हणाले, "आमच्या नाटकात प्रसंग संपवायच्या दोनच रीती. हळूहळू मंद करत नेणं, नाहीतर एकदम अंधार. मंद करताना हात दुखून येतो, बाई. काढा तुम्ही गाठ."

ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांची आधीची नोंद घेतली. डाव्या डोळ्यावर माझा तळहात घट्ट ठेवला, उजवा मिटायला सांगितला आणि पापणीवरून बॅटरीचा उजेड टाकला. ऑपरेशननंतर पापणी सुजून बंद होते, जबरदस्तीने उघडायची नसते. तेव्हा बाहुली बघता येत नाही. पापणीतून उजेड कळतोय का, हे पेशंटलाच विचारावं लागतं, म्हणून त्याची सवय आधी करून घ्यायची. खट्.

"दिसला," काका म्हणाले. "पण सिस्टर, तुमचा बल्ब म्हातारा झालाय. पिवळट पडतो."

"काका, मी तुमचा डोळा तपासतेय. तुम्ही माझा दिवा तपासू नका."

"उघड्या डोळ्यावर टाका बघू एकदा. हां. कडेला काळं वर्तुळ आहे, बघा. बदला तो."

मला राग आला. सव्वीस वर्षांत माझ्या बॅटरीला नाव ठेवणारा हा पहिला माणूस. वरून म्हणतो कसा, "खटका मात्र फार गोड आहे. आमच्याकडचे असेच होते पूर्वी. मोठे दिवे तापायला जरा वेळ घेतात. आधी खटका बोलतो, उजेड मागून येतो. पण मला विचाराल तर मला तो खटक्याबरोबरच लागलेला दिसतो."

मी म्हटलं, असेल बाई. कामाच्या घाईत कोण लक्ष देतं.

माझी आई म्हणायची, कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर असतं, म्हणून ऐकलेलं पाहिल्यासारखं सांगू नये. सर्जनबाईंनी त्या सकाळी चीर दिली ती त्याच चार बोटांत. डोळ्याच्या कडेपासून कानाच्या दिशेने. तिथली हाडाची कपची अलगद काढली, गाठ सोडवली, कपची परत बसवली. साडेअकराला काका वॉर्डात आले तेव्हा बाई स्वतः स्ट्रेचरबरोबर आल्या. गाठ अख्खी निघाली होती. बाईंचा चेहरा बघून मलाही हायसं वाटलं.

"दर अर्ध्या तासाने उजेड विचारायचा," त्या मला म्हणाल्या. "रक्त साचलं तर नस तासभर, फार तर दीड तास तग धरते. तेवढ्यात कळलं तर टाके उघडून दाब काढता येतो. डोळ्यात तेल घालून बसा, सिस्टर."

हे मला सांगायची गरज नव्हती. मी दुसऱ्या कुणाला त्या खाटेजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही.

बारा वाजता पट्टी सैल केली. डाव्यावर तळहात. खट्. "दिसला," काका पुटपुटले. अजून गुंगीत होते.

साडेबाराला खट्. "दिसला. पिवळा."

एक वाजता खट्. "दिसला. तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभ्या आहात आणि दिवा जरा खालून येतोय." हे ऐकून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. नोंदीच्या कागदावर 'उजेड कळतो' असं वळणदार अक्षरात लिहिलं.

दीड वाजता खट्. "दिसला. सिस्टर, बल्ब बदला हो." मी हसले. "डोळा जरा जड झालाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "जड होणारच, हाड काढून परत बसवलंय, काय खेळ आहे?" बाहेर त्यांची बायको बाकावर बसली होती. तिला म्हटलं, "वाघ आहे तुमचा नवरा. मला दिव्यावरून बोलणी खावी लागतायत." ती इतकं हसली की डोळे पुसायला लागली.

दोन वाजता मी खटका दाबला आणि बॅटरी लागलीच नाही.

बल्ब गेला होता. मी तोंडातल्या तोंडात बॅटरीला शिवी घालणार, तेवढ्यात काका म्हणाले, "दिसला."

माझा तळहात त्यांच्या डाव्या डोळ्यावर होता. उजव्या पापणीसमोर विझलेली बॅटरी होती. खिडकीचा पडदा मी स्वतः ओढलेला होता.

"काय दिसलं, काका?"

"दिवा. तोच आपला. पिवळट, कडेला काळं."

मी पुन्हा दाबला. खट्. मेलेला बल्ब मेलेलाच. "दिसला," काका म्हणाले, जरा कंटाळून. मग मी हाकेच्या अंतरावरच्या मुलीकडून तिची पेनाएवढी बॅटरी घेतली, न बोलता, आणि ती लावून पापणीच्या अगदी जवळ धरली. त्या मुलींच्या बॅटऱ्यांचा उजेड भगभगीत पांढरा असतो. सुजलेली पापणी त्यात लालभडक दिसत होती.

"काका, आता काही दिसतंय?"

"तुम्ही लावलाच कुठे अजून?"

त्यानंतर मी धावले. या वयात या गुडघ्यांनी मी इतकं धावू शकते हे मलाच माहीत नव्हतं. सर्जनबाई आल्या, पट्टी काढली, पापणीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. डोळा दगडासारखा कडक झाला होता. वीस मिनिटांत काका परत ऑपरेशन टेबलावर होते. स्ट्रेचर ढकलताना मी त्यांना सांगितलं, "काका, मघाशी बॅटरी लागली नव्हती." त्यांनी माझा हात पकडला. चिडून नाही, पण एखाद्याला खोटं ठरवल्यावर माणूस जसा बोलतो तसे म्हणाले, "असं कसं, सिस्टर? मी पाहिला ना!"

टाके उघडले, काळं साकळलेलं रक्त निघालं, डोळा मऊ झाला. डोळा वाचला, म्हणजे जागेवर राहिला. नजर गेली. दुसऱ्या दिवशी पापणी थोडी उघडली तेव्हा बाहुली मोठी, स्थिर होती. तिच्यावर उजेड टाकला तरी ती जागची हलली नाही.

बाईंनी स्टूल ओढलं आणि सांगितलं. "उजव्याची नजर गेली. ऑपरेशन मी केलं, रक्तस्राव माझ्या हाताखालचा. जबाबदारी माझी आहे."

"नाही बाई," मी म्हणाले. "तपासणी माझी होती. चार वेळा मी 'उजेड कळतो' लिहिलंय. खटक्याचा आवाज माझ्या बॅटरीचा."

"आणि 'दिसला' कोण म्हणालं?" काका म्हणाले. "मी. तुम्ही दोघी कशाला मध्ये येता?"

हॉस्पिटलात श्रेयासाठी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दोषासाठी रांग लागलेली तेवढी एकदाच पाहिली. काकांची बायको पायथ्याशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता तरी जेवताना वटारू नका म्हणजे झालं." आणि पायथ्याची चादर ओढून सरळ करू लागली.

आम्ही दोघी निघताना काकांनी विचारलं, "सिस्टर, पाचवा दिवा खोटा होता हे नक्की. मग खरा कुठला होता? पहिला तरी?"

मी सर्जनबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. ऑपरेशनमध्येच नसेला हिसका बसून पहिल्या वेळेआधीच नजर गेलेली असेल तर मी काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. पण ती एक ते दीडच्या मधे गेली असेल, तर दीड वाजता माझ्या हातात तो डोळा होता आणि मी बाहेर जाऊन त्यांच्या बायकोला वाघाच्या गोष्टी सांगत होते.

घरी मी कुणाशी बोलेनाशी झाले. नवऱ्याने चार दिवस वाट पाहून विचारलं, "तू मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग!" मी त्याच्या अंगावर ओरडले. तो बिचारा भांडी घासायला उठून गेला. बॅटरी मी कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून दिली. वॉर्डात मात्र एक बदल केला. आता प्रत्येक पेशंटला दोनदा विचारायचं. एकदा उजेड टाकून, एकदा हाताने झाकून, कुठलं आधी ते ठरलेलं नाही. आणि बॅटरी बिनआवाजाची. नव्या मुलींना वाटलं, म्हातारीला काहीतरी खूळ लागलंय. वाटू दे. तिसऱ्याच आठवड्यात एक आजोबा झाकलेल्या बॅटरीला "दिसला" म्हणाले आणि ती मुलगी पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. त्या आजोबांचं वेळेत निभावलं.

दोन महिन्यांनी काका तपासणीला आले. चीर छान भरली होती, कानाकडे जाणारी एक बारीक रेघ. डोळा आता शेजाऱ्याच्या रांगेत बसला होता. बघणाऱ्याला काही कळणार नाही, इतका सुंदर.

"सोमवारी थिएटर बंद असतं," ते मला म्हणाले. "दुपारी या. बॅटरी घेऊन या."

मला वाटलं, आता हिशेब मागणार. मागू देत, म्हटलं, माझंही ओझं उतरेल. रविवारी बॅटरी कपाटातून काढली. विझलेली बॅटरी घेऊन त्या माणसासमोर जाणं बरं दिसेना, म्हणून दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, असले पिवळे बल्ब आता येत नाहीत, आणि त्याने नवीन पद्धतीचा पांढरा घालून दिला.

त्यांच्या बायकोने बाजूच्या दाराने मला आत घेतलं. रिकामं थिएटर मी कधी पाहिलं नव्हतं. चारशे खुर्च्या, सगळ्यांची बैठक मिटलेली, आणि जुन्या कापडाचा वास. "महिनाभर झोपले नाहीत हो हे," ती जिन्यात माझ्या कानाशी म्हणाली, आणि तिचं कानाशी बोलणंसुद्धा पाचव्या रांगेपर्यंत जाईल असं होतं. "मी सिस्टरना फसवलं म्हणतात. माझ्या तोंडून खोटं कसं आलं म्हणतात. तुम्हीच काय ते सांगा त्यांना."

मी पायरीवर थांबले. दोन महिने मी स्वतःला ज्याची गुन्हेगार म्हणवून घेत होते, तो माणूस स्वतःला माझा गुन्हेगार समजत बसला होता.

वर काकांची खोली होती, कपाटाएवढी. समोर काच, काचेखाली खटक्यांची आणि दांड्यांची लांब फळी. "काम चालू आहे ना?" मी विचारलं.

"चालू आहे. नटांची तोंडं दिसत नाहीत, नुसते डाग हलतात. पण उजेड दिसतो. माझं काम तोंडांचं कुठे होतं? बसा, दाखवतो."

त्यांनी मला काचेजवळ बसवलं आणि रिकाम्या रंगमंचावर पहाट केली. दांड्या बोटांच्या टोकांनी इतक्या सावकाश सरकवत होते की हात हलतोय हेही कळत नव्हतं. आधी काहीच नाही. मग कुठेतरी काळं जरा कमी काळं झालं. मग मागच्या पडद्यावर एक राखी रंग आला, तो कधी गुलाबी झाला ते मला सांगता येणार नाही, मी डोळे लावून बसले होते तरी. एका लाकडी खुर्चीवर ऊन पडलं. साधी खुर्ची, पाय मोडका. मला रडू आलं. मी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकत आले, पण उजेडाकडे कधी पाहिलंच नव्हतं. आणि हे मला दाखवत होता तो माणूस ज्याला तक्त्यावरचं एकच अक्षर दिसतं.

"आता खाली जाऊन सातव्या रांगेत बसा," ते म्हणाले. "मी पूर्ण अंधार करतो. पडद्यावर उजव्या बाजूला एक दिवा लावणार आहे, अगदी मंद, शंभरात दोन. खटका ऐकू येईल. दिसला की सांगा."

"परीक्षा घेताय माझी?"

"तुम्ही माझी घेतली नव्हती का?"

मी खाली जाऊन बसले. अंधार झाला, असा की स्वतःचा हात दिसेना. वरून खट् झालं. पडद्यावर उजवीकडे निळसर, वाटीएवढा ठिपका आला.

"दिसला!" मी ओरडले.

खट्. "दिसला." खट्. "दिसला." पुन्हा खट्. "दिसला. निळसर आहे. कडा जरा थरथरतेय." मला मजा वाटायला लागली होती. प्रत्येक वेळी तो येत होता, त्याच जागी, तसाच, आणि खटका उलटा वाजला की जात होता. दहा वेळा झालं. दहाही वेळा मी सांगितलं. बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट बिनचूक केल्यासारखं वाटलं.

मग सगळे दिवे लागले. रंगमंचाच्या कडेने काकांची बायको पुढे आली. तिच्या हातात एक जाड वायर होती आणि वायरीच्या टोकाला उपटून काढलेला प्लग.

"कधी काढलीत?" मी विचारलं.

"तिसऱ्यानंतर," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं होतं तसं. चौथ्यापासून वायर माझ्याच हातात आहे."

"खोटं आहे!" मी उठून उभी राहिले. "काहीतरी काय! मी पाहिला ना!"

चारशे खुर्च्यांच्या त्या थिएटरात माझा आवाज परत आला आणि मी तो ऐकला. तेच शब्द. स्ट्रेचरवरून माझा हात धरून काका बोलले होते तेच. मी मटकन खाली बसले. अंगावर काटा आला होता. भीतीचा नाही. देवळात गेल्यावर कधी येतो तसाही नाही, कारण तिथे आपण तयारीने गेलेलो असतो. मी पाहिला होता. निळसर, वाटीएवढा, थरथरत्या कडेचा. सात वेळा. जो नव्हता तो.

काका जिना उतरून आले, एक हात भिंतीला लावत. माझ्या शेजारची खुर्ची उघडून बसले.

"मला एवढंच बघायचं होतं," ते म्हणाले. "हे माझ्या एकट्याच्याच डोक्यात आहे, की सगळ्यांच्या."

"पहिले तीन तरी खरे होते ना?"

"होते."

"मला काही फरक कळला नाही, काका."

"मलाही नव्हता कळला."

आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत बसलो. डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर, आई म्हणायची. तिथे आत, त्या चार बोटांत, काय बसलेलं असतं? कोण दिवा लावतं? एकोणतीस वर्षं मी त्याच्या दाराशी नोकरी केली आणि मला त्याचं नावही माहीत नाही. माझ्या छातीवरचं दोन महिन्यांचं दडपण गेलं नव्हतं, पण आता ते एकटीचं राहिलं नव्हतं आणि त्याला मी चूक म्हणावं की आणखी काही, हेही कळेनासं झालं होतं. मी काकांना म्हटलं, "तुम्ही मला फसवलं नाहीत." ते म्हणाले, "तुम्हीही मला सोडलं नाहीत." त्यांची बायको वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "झालं ना दोघांचं? आता आज रात्री मला झोपू द्या."

निघताना काकांनी आठवण केली. "बॅटरी आणलीत?"

मी पिशवीतून काढली. त्यांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं, खटक्यावरून अंगठा फिरवला, पण दाबला नाही. मला परत दिली. मग सरळ बसले, स्वतःच्या डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट ठेवला, उजवा मिटला आणि म्हणाले, "दाबा."

मी दाबला. खट्. नव्या बल्बचा उजेड त्यांच्या पापणीवर पडला, दुधासारखा पांढरा, कडेपर्यंत स्वच्छ. बंद पापणीवरची बारीक शीरसुद्धा त्यात दिसत होती.

"दिसला," काका म्हणाले, आणि त्यांचं सगळं तोंड हसलं. "तोच. पिवळट. कडेला काळं वर्तुळ. सिस्टर, किती वेळा सांगू, बल्ब बदला हो."

मी बॅटरी तशीच धरून ठेवली.

"बदलते हो, काका," मी म्हणाले.